शब्दांचा नाद आणि अर्थ : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

शब्दाच्या उच्चारात त्याच्या अर्थाची चाहूल असते का, या प्रश्नाला ‘हो’ किंवा ‘नाही’ असे एका शब्दात उत्तर देणारे दोन्ही पक्ष घाई करतात, असे आमचे मत आहे. भाषेच्या कोणत्या भागात हा संबंध दाट आहे, कोठे विरळ आहे आणि कोठे अजिबात नाही, एवढे तपासता येते. खालील उत्तरे त्याच दृष्टीने लिहिली आहेत.

नादप्रतीकात्मकता म्हणजे नेमके काय?

अर्थ माहीत नसतानाही केवळ उच्चारावरून शब्दाच्या अर्थाचा काही अंदाज बांधता येत असेल, तर त्या शब्दातील नाद आणि अर्थ यांच्या नात्याला नादप्रतीकात्मकता म्हणतात. ‘खणखण’ हा शब्द एका आवाजाची सरळ नक्कल करतो. हे ध्वन्यनुकरण झाले. ‘गुळगुळीत’ या शब्दाची गोष्ट वेगळी आहे. गुळगुळीत पृष्ठभाग स्वतः कोणताही आवाज करत नाही, तरीही त्या स्पर्शासाठी हा उच्चार शोभतो आणि खडबडीत पृष्ठभागासाठी शोभत नाही, असे आपल्याला वाटते. ध्वन्यनुकरण हा नादप्रतीकात्मकतेचा सर्वांत सोपा प्रकार आहे; जिथे नक्कल करण्यासाठी मुळात आवाजच नसतो, तिथे खरी उत्सुकता सुरू होते.

पण शब्द आणि अर्थ यांचा संबंध केवळ संकेताचा असतो, असे भाषाविज्ञानच सांगते ना?

सांगते, आणि बहुसंख्य शब्दांच्या बाबतीत ते बरोबरच आहे. स्विस भाषाशास्त्रज्ञ फेर्दिनां द सोस्यूर यांची व्याख्याने त्यांच्या मृत्यूनंतर १९१६ मध्ये पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाली आणि भाषिक चिन्हाची यादृच्छिकता, म्हणजे उच्चार आणि अर्थ यांत नैसर्गिक नाते नसणे, हे त्यांतील एक पायाभूत तत्त्व ठरले. ‘झाड’ या उच्चारात झाडासारखे काही नाही, म्हणूनच निरनिराळ्या भाषांत त्याला निरनिराळी नावे असू शकतात. ध्वन्यनुकारी शब्दांचा आक्षेप सोस्यूर यांनी विचारात घेतला होता. असे शब्द थोडे असतात, भाषेच्या रचनेत ते गाभ्याचे नसतात आणि पुष्कळदा त्यांचा नाद हा योगायोग असतो, असे त्यांचे उत्तर होते. चाबकासाठी असलेला फ्रेंच ‘फुए’ हा शब्द कानाला फटक्यासारखा लागतो, परंतु तो बीच वृक्षाच्या लॅटिन नावापासून आला आहे, हे उदाहरण त्यांनीच दिले.

ही सावधगिरी मराठीतही बाळगावी लागते. ‘जळजळ’ हा शब्द रूपाने ‘मळमळ’ किंवा ‘वळवळ’ यांच्या पंक्तीत बसतो, पण त्याच्या मागे ‘जळणे’ हे क्रियापद स्पष्ट दिसते. शब्दाचा आजचा नाद पाहून त्याच्या जन्माविषयी निष्कर्ष काढू नये. मात्र सोस्यूर यांच्या उत्तरातील ‘असे शब्द थोडे असतात’ हा भाग त्यांच्यासमोर असलेल्या युरोपीय भाषांना जितका लागू पडतो, तितका मराठी, जपानी, कोरियन किंवा पश्चिम आफ्रिकेतील अनेक भाषांना लागू पडत नाही.

हा प्रश्न प्राचीन काळी कोणी विचारला होता का?

प्लेटोच्या ‘क्रॅटिलस’ या संवादाचा विषयच हा आहे. नावे निसर्गतः योग्य असतात, असे क्रॅटिलस मानतो. ती केवळ रूढीने ठरतात, असे हर्मोजिनीस मानतो. सॉक्रेटिस दोघांनाही अडचणीत आणतो. ‘र’ गतीला आणि ‘ल’ गुळगुळीतपणाला शोभतो, असे तो सुचवतो आणि मग कठोरपणाच्या ग्रीक शब्दातही ‘ल’ सापडतो, याकडे लक्ष वेधतो.

संस्कृत परंपरेतील वाद अधिक नेमका आहे. ‘काक’ हे नाव पक्ष्याच्या आवाजाची नक्कल आहे आणि पक्ष्यांच्या नावांत असे पुष्कळदा आढळते, असे यास्क ‘निरुक्त’ या वैदिक शब्दांच्या व्युत्पत्तीवरील प्राचीन ग्रंथात म्हणतात. त्याच ठिकाणी त्यांनी औपमन्यव यांचे विरुद्ध मतही नोंदवले आहे : शब्दानुकृती अशी काही नसतेच, ‘काक’ हा शब्दसुद्धा धातूपासूनच साधला पाहिजे. हा मतभेद नोंदवून ठेवण्याइतका यास्कांना महत्त्वाचा वाटला, हे विशेष. मीमांसकांनी, म्हणजे वेदवाक्यांच्या अर्थाचा विचार करणाऱ्या दर्शनाच्या अनुयायांनी, मानलेला शब्द आणि अर्थ यांचा नित्य संबंध मात्र या चर्चेत ओढून आणू नये. जैमिनींच्या सूत्रातील ‘औत्पत्तिक’ संबंध म्हणजे नाद आणि वस्तू यांच्यातील साम्य नव्हे. तो संबंध कोणा व्यक्तीने निर्माण केलेला नाही, एवढेच तिथे म्हणायचे आहे. न्यायदर्शनाच्या अनुयायांनी, म्हणजे नैयायिकांनी, त्याच्या उलट अर्थबोध ‘समया’वर, म्हणजे संकेतावर, अवलंबून असल्याचे मांडले.

‘बूबा’ आणि ‘किकी’ यांचा प्रयोग काय आहे?

दोन आकृत्या दाखवल्या जातात : एक गोलसर, फुगीर कडांची आणि दुसरी अणकुचीदार टोकांची. यांपैकी ‘बूबा’ कोणती आणि ‘किकी’ कोणती, असे विचारले जाते. बहुतेक लोक गोल आकृतीला बूबा म्हणतात. प्रयोगाचे मूळ रूप मानसशास्त्रज्ञ वोल्फगांग क्योलर यांचे आहे. १९२९ मध्ये त्यांनी ‘ताकेते’ आणि ‘बालुमा’ हे शब्द वापरले आणि पुढे ‘बालुमा’च्या जागी ‘मालुमा’ आला. विलयनूर रामचंद्रन आणि एडवर्ड हबर्ड यांनी २००१ मध्ये त्याला आजचे नाव मिळवून दिले आणि सुमारे ९५ टक्के लोक अपेक्षित जोडी लावतात, असे नोंदवले.

तो आकडा सरसकट धरू नये. २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या २५ भाषांच्या अभ्यासात एकूण जुळणी ७२ टक्क्यांच्या आसपास आली. जपानी भाषकांत ती फार जास्त होती, तर रोमेनियन, तुर्की आणि मँडरिन भाषकांत हा कल दिसला नाही. नेपाळमधील श्यूबा भाषकांतही तो न आढळल्याचे २०१७ मध्ये प्रसिद्ध झाले; त्या अभ्यासकांच्या मते प्रयोगातील शब्द त्या भाषेच्या उच्चारव्यवस्थेत शब्दासारखे वाटतच नाहीत, हे त्यामागचे कारण असू शकते. यावरून आम्हाला एक गोष्ट महत्त्वाची वाटते. हा कल माणसात व्यापक असला, तरी तो ऐकणाऱ्याच्या भाषेच्या गाळणीतून जातो.

हा केवळ अक्षरांच्या आकाराचा परिणाम नाही का?

रोमन लिपीत ‘बी’ गोल आणि ‘के’ टोकदार आहे, त्यामुळे ही शंका रास्त आहे. देवनागरीत मात्र तिला फारसा आधार मिळत नाही, कारण आपल्या ‘क’ला दोन्ही बाजूंना गोलाई आहे. शिवाय २०२२ च्या अभ्यासात दहा वेगवेगळ्या लिप्या वापरणारे लोक होते आणि लिपीवरून निकालाचा उलगडा झाला नाही. उत्तर नामिबियातील हिंबा समाजात, जिथे लेखनाचा वापर जवळपास नव्हता, तिथेही २०१३ मध्ये अपेक्षित जोडीच आढळली. लिपी हा परिणाम वाढवत असेल. तो निर्माण करत नाही.

‘इ’ लहान आणि ‘आ’ मोठा, असे खरेच असते का?

कल आहे, नियम नाही. एडवर्ड सपीर यांनी १९२९ मध्ये सुमारे ५०० लोकांना ‘मिल’ आणि ‘माल’ असे निरर्थक शब्द देऊन यांतील मोठे टेबल कोणते, असे विचारले, तेव्हा मोठ्या बहुमताने ‘माल’ निवडले गेले. याची दोन कारणे दिली जातात आणि ती परस्परांना पूरक आहेत. ‘इ’ उच्चारताना जबडा जवळजवळ मिटलेला असतो आणि जिभेपुढील पोकळी लहान असते. ‘आ’ उच्चारताना तोंड उघडते. दुसरे कारण ध्वनीच्या पट्टीचे आहे. लहान शरीरे उंच आवाज करतात आणि मोठी शरीरे खोल आवाज करतात, हा अनुभव प्राणिसृष्टीत सार्वत्रिक आहे आणि ‘इ’मध्ये उंच कंपनांना जोर असतो. जॉन ओहाला यांनी १९८४ मध्ये या दुसऱ्या कारणाची सविस्तर मांडणी केली.

मराठीत ‘इवला’, ‘चिमुकला’, ‘किंचित’, ‘टिकली’ हे शब्द साक्षीला उभे राहतात, पण ‘लहान’मध्ये ठसठशीत ‘आ’ आहे आणि ‘विशाल’मधला पहिला स्वर ‘इ’ आहे. इंग्रजीतील ‘बिग’ आणि ‘स्मॉल’ ही जोडी तर अगदी उलटी आहे. एकेका शब्दाने हा प्रश्न सुटत नाही. ‘टिपटिप’ आणि ‘टपटप’, ‘झिरझिर’ आणि ‘झरझर’, ‘किणकिण’ आणि ‘खणखण’ अशा जोड्या, जिथे बाकी बरेचसे सारखे राहून स्वर बदलतो, तिथे मात्र ‘इ’ची बाजू जवळजवळ नेहमी हलकी, बारीक किंवा नाजूक असते.

मराठीत या दृष्टीने विशेष काय आहे?

शालेय व्याकरणात अभ्यस्त शब्दांचा ‘अनुकरणवाचक’ हा पोटप्रकार येतो. ‘किरकिर’, ‘गडगड’, ‘वटवट’ अशी चार उदाहरणे देऊन तो संपतोही, आणि हा अन्याय आहे. या शब्दांची संख्या मोठी आहे आणि त्यांची अर्थक्षेत्रे आवाजापुरती मर्यादित नाहीत. नेदरलँड्समधील भाषाशास्त्रज्ञ मार्क डिंगेमान्स यांनी जगातील अशा शब्दांची पाहणी करून एक चढती क्रमवारी सुचवली : आधी आवाज, मग हालचाल, मग दृश्य, मग स्पर्शासारख्या इतर संवेदना आणि शेवटी मनाच्या अवस्था. एखाद्या भाषेत वरच्या पायरीचे शब्द असतील, तर खालच्या पायऱ्यांचेही असतात. मराठी ही क्रमवारी शेवटपर्यंत चढते. ‘खळखळ’ हा आवाज आहे, ‘डळमळ’ आणि ‘लटपट’ या हालचाली आहेत, ‘मिणमिण’ आणि ‘लुकलुक’ ही दृश्ये आहेत, ‘बुळबुळीत’ आणि ‘लिबलिबीत’ हे स्पर्श आहेत.

शेवटच्या पायरीवर ‘हुरहुर’, ‘रुखरुख’ आणि ‘चुटपुट’ आहेत. तिन्ही शब्द अस्वस्थतेचेच आहेत, तरी एकाच्या जागी दुसरा चालत नाही. हुरहुर पुढे काय होईल याची किंवा कोणाच्या वियोगाची असते. रुखरुख मागे घडलेल्या गोष्टीची दीर्घकाळ टिकणारी बोच असते. चुटपुट थोडक्यात हुकलेल्या गोष्टीची, तुलनेने लहान आणि टोचणारी. ‘हुरहुर’मध्ये वाहता श्वास आहे आणि ‘चुटपुट’मध्ये ‘ट’चे दोन आघात आहेत, हे आम्हाला अर्थाशी सुसंगत वाटते, पण अर्थ आधीच ठाऊक असलेल्या माणसाच्या साक्षीला मर्यादा असतात, हेही खरे.

‘-कन’ लागून होणारी क्रियाविशेषणे याच कुळातली आहेत. ‘धाडकन’ला आवाज आहे, पण ‘मटकन बसणे’, ‘सुळकन निसटणे’ किंवा ‘टचकन डोळ्यांत पाणी येणे’ यांत ऐकू येण्याजोगे काही नाही. क्रियेची तऱ्हा आणि वेग हेच तिथे नादात उतरले आहेत.

‘टपकन’, ‘टपटप’ आणि ‘टपाटप’ यांत काही पद्धत आहे का?

आहे, आणि मराठीतील नादप्रतीकात्मकतेचा हा सर्वांत भक्कम पुरावा आहे, असे आम्ही मानतो. ‘टपकन’ म्हणजे एकदाच. ‘टपटप’ म्हणजे पुन्हा पुन्हा. ‘टपाटप’ म्हणजे पुन्हा पुन्हा आणि झपाट्याने, अनेक एकदम. हीच त्रयी ‘पटकन, पटपट, पटापट’, ‘झपकन, झपझप, झपाझप’, ‘गटकन, गटगट, गटागट’ यांत दिसते. शब्दाची द्विरुक्ती क्रियेच्या पुनरावृत्तीचे चित्र काढते आणि मधला ‘आ’ तिला जोर चढवतो. येथे एखादा सुटा ध्वनी कशाचे प्रतीक नसून शब्दाची घडण क्रियेच्या घडणीशी जुळते. त्यामुळे व्युत्पत्तीचा आक्षेपही येथे निष्प्रभ ठरतो, कारण मूळ अंश कोठूनही आलेला असला तरी साचा तेच काम करतो. ‘लखलखाट’, ‘चिवचिवाट’, ‘सुळसुळाट’ यांतील ‘-आट’ हा त्याच व्यवस्थेचा आणखी एक भाग असून तो एकेका घटनेला सलग आणि भरगच्च रूप देतो.

मरे एमेनो यांनी १९६९ मध्ये भारतीय उपखंडातील अशा शब्दांचा अभ्यास प्रसिद्ध केला. भाषाकुळे वेगळी असूनही आर्य आणि द्राविड भाषांत ध्वन्यनुकारी शब्दांचा हा साठा कसा सामायिक झाला आहे, हे त्यातून पुढे आले.

विजेचा कडकडाट आणि ढगांचा गडगडाट, असा भेद का?

याचे उत्तर घोष आणि अघोष व्यंजनांच्या फरकात आहे. ‘क’ उच्चारताना स्वरतंतू कंप पावत नाहीत, ‘ग’ उच्चारताना पावतात आणि त्यामुळे आवाजात खालच्या पट्टीची भर पडते. वीज कोरडी आणि तीक्ष्ण फुटते, म्हणून ‘कडकड’. ढगांचा आवाज खोल आणि लांबणारा असतो, म्हणून ‘गडगड’. ‘किणकिण, खणखण, घणघण’ ही चढण तशीच आहे. ‘टिचकी, टपली, धपाटा, दणका’ हे शब्द क्रमाने उच्चारून पाहावेत. हाताचे वजन वाढत गेल्याचे जाणवते.

जपानीत हा भेद जवळजवळ व्याकरणासारखा चालतो. हलकी वस्तू घरंगळते तेव्हा ‘कोरोकोरो’ आणि जड वस्तू घरंगळते तेव्हा ‘गोरोगोरो’. हाच ‘गोरोगोरो’ ढगांच्या गर्जनेलाही वापरतात. मराठीतही जड दगड डोंगरावरून गडगडत खाली येतो आणि आभाळही गडगडते. दोन भाषांचा परस्परांशी काही संबंध नसताना त्या एकाच जोडअर्थापर्यंत पोहोचल्या. एका जोडीने सिद्ध काहीच होत नसले, तरी ही जोडी विसरणे अवघड आहे.

आवाजांची नक्कलच करायची, तर कोंबडा प्रत्येक भाषेत वेगळा का आरवतो?

कारण नक्कल त्या त्या भाषेच्या ध्वनींतूनच करावी लागते. मराठीत ‘कुकूच्कू’, जर्मनमध्ये ‘किकेरिकी’, फ्रेंचमध्ये ‘कोकोरिको’, जपानीत ‘कोकेकोक्को’ आणि इंग्रजीत ‘कॉक-अ-डूडल-डू’. फरकावर बोट ठेवणाऱ्यांनी पाचही ठिकाणी ‘क’ आहे, हेही पाहावे.

‘मामा’, ‘पापा’, ‘बाबा’ हे शब्द जगभर सारखे कसे?

याचे उत्तर अर्थापेक्षा तान्ह्या मुलाच्या तोंडाशी अधिक निगडित आहे. रोमान याकोब्सन यांच्या १९६० मधील विवेचनानुसार ओठांनी होणारे ध्वनी आणि ‘आ’ हे मुलाला सर्वांत आधी साधतात, आणि दूध पिताना नाकातून निघणारा हुंकार ‘म’ला आईशी जोडतो. हे ध्वनी मग आईबापच स्वतःला लावून घेतात. पण वाटणी ठरलेली नाही : जॉर्जियन भाषेत ‘मामा’ म्हणजे वडील आणि ‘देदा’ म्हणजे आई, तर मराठीत ‘मामा’ हा आईचा भाऊ.

जगातील सर्व भाषांना लागू पडणारे काही दुवे सापडले आहेत का?

‘सर्व’ हा शब्द गाळल्यास, होय. दामियान ब्लासी आणि सहकाऱ्यांनी २०१६ मध्ये जगातील जवळपास दोन-तृतीयांश भाषांच्या मूलभूत शब्दयाद्या तपासल्या. नाकाच्या शब्दात ‘न’, जिभेच्या शब्दात ‘ल’, वाळूच्या शब्दात ‘स’ आणि ‘लहान’ या अर्थाच्या शब्दात ‘इ’ अपेक्षेपेक्षा जास्त वेळा येतो, असे आढळले. मराठी ‘नाक’ या कलाशी जुळते. ‘जीभ’ आणि ‘वाळू’ जुळत नाहीत. २०२२ मध्ये ३३२ भाषांच्या पाहणीतून जिभेचे टोक थरथरवून उच्चारलेला कंपित ‘र’ आणि खरखरीत स्पर्श यांचे नाते पुढे आले. ‘खरखरीत’, ‘खरबरीत’, ‘रखरखीत’ एका बाजूला आणि ‘मऊ’, ‘लुसलुशीत’, ‘गुळगुळीत’ दुसऱ्या बाजूला ठेवले, तर मराठी त्याला दुजोरा देते. ‘नरम’ आणि ‘मृदू’ मात्र त्या मांडणीत खटकतात, आणि त्यांना लपवण्याचे कारण नाही.

काव्यशास्त्रात याचा विचार झाला होता का?

फार बारकाईने. अकराव्या शतकातील मम्मट यांनी ‘काव्यप्रकाशा’त माधुर्य गुणासाठी स्ववर्गातील अनुनासिक आधी असलेली व्यंजने सांगितली आणि त्यांतून ‘ट’ ते ‘ढ’ वगळले; ओज गुणासाठी तेच ‘ट’वर्गीय वर्ण, ‘श’, ‘ष’, रेफयुक्त जोडाक्षरे आणि लांब समास सांगितले. ‘मालुमा’ आणि ‘ताकेते’ यांची वाटणी येथे वेगळ्या नावाने आधीच झालेली दिसते. अर्थात मम्मट यांचा नाद वस्तूचा आकार सांगत नाही, तो रसाला अनुकूल वातावरण तयार करतो.

मुलांना भाषा शिकताना याचा उपयोग होतो का?

होतो, विशेषतः सुरुवातीला. मुत्सुमी इमाई आणि सहकाऱ्यांनी २००८ मध्ये दाखवले की, चालण्याच्या तऱ्हेला नादाने जुळणारे नवे क्रियाशब्द तीन वर्षांच्या जपानी मुलांना न जुळणाऱ्या शब्दांपेक्षा सहज आत्मसात होतात. प्रौढांनाही परक्या भाषेतील अनुकरणवाचक शब्दांचे अर्थ निव्वळ नशिबापेक्षा बऱ्यापैकी अचूक ओळखता येतात, परंतु ही आघाडी माफकच असते.

मग प्रत्येक वर्णाला स्वतःचा अर्थ असतो, असे म्हणावे का?

म्हणू नये. ‘झटकन’, ‘झडप’, ‘झेप’, ‘झपाटा’ पाहून ‘झ’ म्हणजे आकस्मिक वेग, असे ठरवावे, तर ‘झगमग’, ‘झळाळी’, ‘झिलई’ प्रकाशाचा दावा घेऊन येतात आणि ‘झाड’ व ‘झोप’ दोन्ही दावे फेटाळतात. असे शब्दगट खरे असतात. इंग्रजीत ‘ग्ल’ने सुरू होणारे चमकण्याचे शब्द प्रसिद्ध आहेत. पण ते पुष्कळदा एकमेकांच्या सहवासाने वाढतात, म्हणजे आधीच्या शब्दांच्या ओढीने नवा शब्द त्याच वळणावर घडतो. एकेका अक्षराच्या गुणांवरून व्यक्तीच्या नावाचे भाकीत करणाऱ्या पद्धतींना यातून कोणताही आधार मिळत नाही.

नाद अर्थाला इतका मदत करत असेल, तर सगळेच शब्द तसे का नाहीत?

एक अडचण गर्दीची आहे. मायकेल गॅसर यांनी २००४ मध्ये मांडल्याप्रमाणे शब्दसंग्रह लहान असतो तोवर नादाचा आधार फायद्याचा ठरतो. तो वाढला की जवळच्या अर्थांचे शब्द उच्चारानेही जवळ येतात आणि गोंधळ होतो. एकाच परिसरात वाढणाऱ्या दोन वनस्पतींची नावे जवळपास सारखी असली, तर ऐकताना चूक होण्याची शक्यता तिथेच सर्वाधिक असते. दुसरी अडचण अशी की, ‘लोकशाही’ किंवा ‘व्याज’ यांचा नाद कसा असावा, हे कोणी सांगू शकत नाही. तिसरी अडचण काळाची आहे. चिवचिवणाऱ्या पिल्लासाठी लॅटिनमध्ये ‘पीपिओ’ हा बोलका शब्द होता. उच्चार बदलत त्याचा फ्रेंचमध्ये ‘पिझाँ’ झाला आणि चिवचिव पुसली गेली. उलट दिशेचा प्रवासही चालू असतो : बोलणारे लोक नवनवे अनुकरणवाचक शब्द घडवत राहतात, आणि कोशात नोंद नसलेला असा शब्द पहिल्यांदा ऐकणाऱ्यालाही तो बहुधा कळतो.